घरमालक भाड्याचे घर विकत असेल तर: करार, डिपॉझिट आणि ताबा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधील एका सोसायटीत आपण चोवीस महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहता. त्यातले दहा महिने झाले आहेत आणि दीड लाख रुपये डिपॉझिट मालकांकडे आहे. मालकांनी फोनवर सांगितले की फ्लॅट विकायला काढला आहे, महिन्याभरात रिकामा करा, डिपॉझिट नवे मालक देतील. दरम्यान एजंट शनिवार-रविवारी न कळवता गिऱ्हाईक घेऊन दारात उभा राहतो. इतक्या तडकाफडकी घर सोडावे लागते का, घर विकत घेण्याचा पहिला हक्क राहणाऱ्याचा नसतो का, आणि डिपॉझिट नक्की कोणाकडे मागायचे, असे आपण विचारले आहे.

विक्री करण्याचा मालकांचा अधिकार पूर्ण आहे आणि त्यासाठी त्यांना आपली संमती लागत नाही. मात्र घर विकायला काढले म्हणून आपला करार आपोआप संपत नाही, आणि फोनवरच्या निरोपाला नोटिशीची किंमत नसते. इथपर्यंतचे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते आणि ऐकायला बरे वाटते. पुढचा भाग तितकासा सुखद नाही. आपल्याजवळ जो कागद आहे तो कायद्याच्या अर्थाने भाडेपट्टा नव्हे, आणि त्यामुळे खरेदीखत होऊन नवा मालक समोर आला की आपली बाजू बरीच लंगडी होते. आपले खरे बळ सध्याच्या मालकांविरुद्ध आहे आणि तेही खरेदीखत नोंदले जाईपर्यंतच प्रभावी असते. म्हणून जे काही ठरवायचे, मागायचे आणि वसूल करायचे ते त्या तारखेच्या आत आणि लेखी व्हावे, असा माझा सल्ला राहील.

हे असे का, ते नीट समजून घ्यावे, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. भाडेपट्ट्याने भाडेकरूला जागेत हितसंबंध मिळतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०९ प्रमाणे मालकाने अशी जागा विकली, तर घेणारा जुन्या मालकाच्या जागी येतो. त्याला जुन्या मालकाचे हक्क मिळतात आणि भाडेकरूने तसे निवडल्यास भाडेपट्ट्यातून येणाऱ्या जबाबदाऱ्याही त्याच्या गळ्यात पडतात. थोडक्यात, भाडेकरू जागेबरोबरच हस्तांतरित होतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये मात्र जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. एरवी जे राहणे बेकायदा ठरले असते, ते करण्याची केवळ परवानगी मिळते. या परवानगीचा कायदा भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये आहे आणि त्याचे कलम ५९ म्हणते की परवानगी देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली, तर घेणारा केवळ घेणारा म्हणून त्या परवानगीने बांधला जात नाही. करारात चौदा महिने बाकी आहेत हे आपण नव्या मालकाला दाखवाल आणि तो शांतपणे म्हणेल की हा करार माझा नाही. कायदा बऱ्याच अंशी त्याच्या बाजूने असेल.

पण त्याच अधिनियमात आणखी दोन कलमे आहेत, ज्यांचा उल्लेख एजंट कधी करत नाहीत. कलम ६३ प्रमाणे परवानगी रद्द झाली तरी जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क राहणाऱ्याला आहे. आणि कलम ६४ प्रमाणे, मोबदला घेऊन दिलेली परवानगी असेल आणि राहणाऱ्याचा काही दोष नसताना, ठरलेला उपभोग पुरा होण्याआधीच परवानगी देणाऱ्याने त्याला बाहेर काढले, तर त्याच्याकडून नुकसानभरपाई वसूल करता येते. म्हणजे नव्या मालकावर आपला करार लादता आला नाही, तरी जुन्या मालकांनी मोडलेल्या शब्दाची किंमत त्यांच्याकडून मागता येते. दुसऱ्या घराची दलाली, सामान हलवण्याचा खर्च, उरलेल्या महिन्यांत नव्या घरासाठी जास्त द्यावे लागणारे भाडे, हे त्या मागणीचे नेहमीचे घटक. दावा लावून हे पैसे हाती यायला किती काळ जाईल हे शिवाजीनगरच्या न्यायालयात एकदा जाऊन आलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु वाटाघाटीच्या टेबलावर या कलमाचे वजन चांगले पडते.

आता आपला करार काढून समोर ठेवावा. ऑनलाइन नोंदणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मसुद्यात करार रद्द करण्याविषयी एक परिच्छेद असतो आणि मालकमंडळी त्यातली ‘एक महिन्याची नोटीस’ एवढेच शब्द लक्षात ठेवतात. तो परिच्छेद सावकाश वाचला तर बहुधा असे दिसते की मालकाला एका महिन्याच्या लेखी नोटिशीने करार रद्द करता येतो, पण त्यासाठी राहणाऱ्याने भाडे थकवलेले असावे, कराराच्या अटीचा भंग केलेला असावा किंवा कायद्यानेच अशा करारांना बंदी आलेली असावी. राहणाऱ्याला मात्र एक महिन्याची नोटीस देऊन केव्हाही सोडता येते. याशिवाय लॉक-इन (ठरावीक काळ कोणीही करार मोडायचा नाही अशी अट) ठरले असेल तर तेवढ्या मुदतीत दोन्ही बाजू बांधलेल्या असतात. घर विकायचे आहे हे कारण या यादीत सहसा नसते. आपल्या करारात हा परिच्छेद याच शब्दांत असेल, आणि आपण भाडे वेळेवर देत असाल, तर महिन्याभरात घर सोडा असे सांगण्याचा करारातील आधारच मालकांकडे नाही. उलट ‘कोणतेही कारण न देता कोणत्याही पक्षाला एक महिन्याच्या नोटिशीने’ असे वाक्य एजंटने घातले असेल, तर चौदा महिने उरल्याचा दावा फुसका ठरतो आणि नोटिशीचा एक महिना व डिपॉझिट एवढेच आपल्या हाती राहते. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वादांचा निकाल या एका परिच्छेदात असतो, आणि तो परिच्छेद सही करताना कोणीच वाचलेला नसतो.

त्याच मसुद्यात ताब्याविषयी आणखी एक वाक्य अनेकदा आढळते: करार संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर मालकाला दररोज दुप्पट मोबदला घेता येईल, किंवा न्यायालयात न जाताच त्याला व त्याचे सामान बाहेर काढता येईल. यातील दुप्पट मोबदल्याला कायद्याचा आधार आहे. न्यायालयात न जाता बाहेर काढण्याच्या भागाला मात्र घाबरून जाऊ नये. स्थिर ताब्यात असलेल्या व्यक्तीला, तिला तेथे राहण्याचा हक्क उरला नसला तरी, कायदेशीर मार्गाखेरीज बाहेर काढता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट शब्दांत मांडले आहे. कुलूप बदलणे, सामान जिन्यात आणून ठेवणे, सोसायटीच्या वॉचमनला सांगून गाडी आत सोडू न देणे, असले प्रकार झाल्यास तात्काळ पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी आणि दिवाणी न्यायालयाकडून मनाई हुकूम मागावा.

कायदेशीर मार्ग कोणता, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम २४. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने ताबा परत दिलाच पाहिजे; न दिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करतो, मुदत संपल्याची खात्री झाली की निष्कासनाचा, म्हणजे जागा रिकामी करून देण्याचा, आदेश होतो, आणि ताबा न दिलेल्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. तेथे लेखी करारातील मजकूर हा त्यातील तथ्यांचा निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स बजावल्यावर तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य असल्याचे धरले जाते. यातील कळीचे शब्द ‘मुदत संपल्यावर’ हे आहेत. आपली मुदत संपलेली नाही, त्यामुळे आज मालकांना हा जलद रस्ता सहजासहजी मोकळा नाही. चौदा महिन्यांनंतर मात्र तो मोकळा होईल आणि तेव्हा एक दिवसही जास्त राहू नये. मुदत उलटल्यावर ‘दुसरे घर मिळेपर्यंत’ म्हणून राहिलेल्या सुशिक्षित कुटुंबांना दुप्पट दराचा हिशेब भरताना मी पाहिले आहे, आणि तो हिशेब त्यांच्या डिपॉझिटमधूनच वळता होतो.

डिपॉझिटविषयी आपण विचारलेला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. लायसन्स करारातील डिपॉझिट हे ज्याने ते घेतले त्याचे देणे आहे. करार आपला आणि सध्याच्या मालकांचा; पैसे त्यांच्या खात्यात गेले; परत करण्याचे वचन त्यांनी दिले. नव्या मालकाने तुमच्याशी काहीही लिहून दिलेले नसताना ‘तो देईल’ या तोंडी आश्वासनावर विसंबणे म्हणजे दीड लाख रुपये वाऱ्यावर सोडणे होय. सिंहगड रस्त्यावरील एका फ्लॅटच्या बाबतीत माझ्याकडे आलेले प्रकरण अगदी असेच होते. विकणारा सांगत होता की डिपॉझिटची रक्कम मी किमतीतून वळती करून दिली. घेणारा सांगत होता की मला रिकामे घर मिळणार होते, डिपॉझिटचा विषयच नव्हता. खरेदीखत वाचले तेव्हा त्यात भाडेकरूचा किंवा डिपॉझिटचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. पैसे शेवटी जुन्या मालकाकडूनच मिळाले, पण तोवर त्याने शहर सोडले होते आणि नोटिसा पाठवायला पत्ता शोधण्यापासून तयारी करावी लागली.

यासाठी दोनच सुरक्षित मार्ग आहेत. आपण घर सोडणार असाल, तर किल्ली आणि पैसे एकाच वेळी, एकाच टेबलावर. रक्कम खात्यात जमा झाल्याचा संदेश आल्यावरच किल्ली द्यावी आणि पुढच्या तारखेचा धनादेश स्वीकारू नये. नवे मालक आपल्याला राहू देणार असतील, तर तिघांच्या सहीचे एक पत्र करावे. त्यात जुन्या मालकांनी अमुक रक्कम नव्या मालकांना अमुक तारखेला दिली, नव्या मालकांनी ती मिळाल्याचे मान्य करून परत करण्याची जबाबदारी स्वीकारली आणि असे झाल्यावरच जुने मालक त्यातून मोकळे झाले, एवढे तीन मुद्दे असावेत. त्यापाठोपाठ नव्या मालकांच्या नावे नवा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्यावा. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाडे व डिपॉझिटवरील गृहीत व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या पाव टक्का असते. एवढ्या खर्चासाठी जुना करार पुढे ढकलत राहणे शहाणपणाचे नाही.

शेवटचे दोन-तीन महिने भाडे न देता ते डिपॉझिटमधून वळते करून घ्यावे का, असे बरेच जण विचारतात. मालकांची लेखी संमती असेल, निदान ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ठीक आहे’ असे आले असेल, तर हा व्यवहार्य मार्ग आहे. संमतीशिवाय मात्र असे करू नये. वर पाहिलेल्या परिच्छेदात भाडे थकवणे हेच करार रद्द करण्याचे कारण आहे, आणि आज जे कारण मालकांकडे नाही ते आपणच त्यांच्या हाती आयते देऊन बसाल. डिपॉझिट बुडाले तर वसुलीचा दावा तीन वर्षांच्या मुदतीत लावता येतो. त्यासाठी बँकेचे उतारे आणि नोंदणीकृत कराराची प्रत जपून ठेवावी.

गिऱ्हाइके घर पाहायला येण्याबाबत कायदा थोडक्यात बोलतो. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी जागेची पाहणी करण्याचा मालकाला हक्क आहे. आपल्या करारातही तसेच कलम असेल. घर दाखवूच देणार नाही, अशी भूमिका टिकणारी नाही आणि तिने काही साधतही नाही. पण पूर्वसूचना आणि वाजवी वेळ या दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. मालकांना एक संदेश पाठवून आठवड्यातील दोन वेळा ठरवून द्याव्यात, उदाहरणार्थ बुधवारी संध्याकाळी सहा ते सात आणि रविवारी सकाळी अकरा ते साडेबारा. आदल्या दिवशी कळवावे, एजंटबरोबर कोण येणार ते सांगावे, आपल्या गैरहजेरीत दुसऱ्या किल्लीने घर उघडू नये, आणि आपले सामान दिसेल असे फोटो किंवा व्हिडिओ जाहिरातीत टाकू नयेत, हेही त्यात लिहावे. एवढे सौजन्याने लिहिलेला संदेश मालक सहसा मान्य करतात. न कळवता आलेल्या एजंटला दारातूनच परत पाठवण्यात काहीही गैर नाही. गिऱ्हाइकाने आपल्याला विचारले, तर करार कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि डिपॉझिट किती आहे हे खरे खरे सांगावे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३ खालील स्पष्टीकरणाप्रमाणे, प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या व्यक्तीचा जो काही हक्क असेल त्याची माहिती घेणाऱ्याला होती असेच मानले जाते, म्हणून जाणकार खरेदीदार हा प्रश्न विचारतोच. बिछान्याखालची ओल दाखवायची की नाही, हे आपल्या सदसद्विवेकावर सोडतो.

पहिल्या खरेदीच्या हक्काबाबतचा गैरसमज पुण्यात फार पसरलेला आहे. महाराष्ट्रातील निवासी भाडेकरूला किंवा लायसन्सवर राहणाऱ्याला असा कोणताही वैधानिक हक्क नाही. करारात तसे कलम घातले असेल तरच तो असतो, आणि फ्लॅटच्या करारांत ते जवळजवळ कधीच नसते. मात्र विचारायला हरकत नाही. आपण घेतले तर दलाली वाचते आणि घर रिकामे करून घेण्याचा प्रश्नच उरत नाही, हे मालकांनाही कळते.

भाडे कोणाला द्यायचे, हा प्रश्न येत्या काही महिन्यांत नक्की उभा राहील. टोकन दिले, विसार दिला किंवा साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) झाले म्हणून कोणी मालक होत नाही. विक्रीचा करार मालमत्तेत हक्क निर्माण करत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ सांगते. मुखत्यारपत्रावर झालेली विक्री ही विक्री नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले आहे. म्हणून साठेखत दाखवून ‘आता भाडे माझ्या खात्यावर टाका’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा आणि जुन्या मालकांनाच भाडे देत राहावे. नोंदणीकृत खरेदीखत झाल्याचे सांगितले गेले, तर इंडेक्स टू मागावा. एका पानाच्या त्या उताऱ्यात लिहून देणाऱ्याचे व लिहून घेणाऱ्याचे नाव, फ्लॅटचा क्रमांक, दस्त क्रमांक आणि नोंदणीची तारीख असते, आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधताही येतो. इंडेक्स टू पाहिला आणि जुन्या मालकांनी ई-मेलने दुजोरा दिला की पुढचे भाडे नव्या मालकांना. विक्रीची कल्पना नसताना जुन्या मालकांना प्रामाणिकपणे दिलेले भाडे नव्या मालकांना पुन्हा द्यावे लागू नये, अशी तरतूद भाडेपट्ट्यांसाठी कलम १०९ मध्येच आहे. पगारातून घरभाडे भत्त्याची सूट घेत असाल आणि वर्षाचे भाडे एक लाखाहून अधिक असेल, तर नव्या मालकांचा पॅन तेव्हाच मागून घ्यावा. फेब्रुवारीत तो मागायला गेले की कोणी फोन उचलत नाही.

हे सारे आपल्यासारख्या नोंदणीकृत लायसन्सवाल्यांसाठी झाले. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी काही जण सदाशिव, नारायण, कसबा, शुक्रवार पेठांतील वाड्यांत किंवा जुन्या इमारतींत पिढ्यान् पिढ्या भाड्याने राहणारे असतील. त्यांनी वरील भीती मनात धरू नये, कारण त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. त्यांना १९९९ च्या अधिनियमाचे संरक्षण आहे. प्रमाण भाडे आणि अनुज्ञेय वाढ, म्हणजे कायद्याप्रमाणे ठरलेले भाडे आणि त्यात कायद्याला मान्य असलेली वाढ, ते देत आहेत तोवर कलम १५ प्रमाणे त्यांना काढता येत नाही, आणि काढायचे झाल्यास कलम १६ मधील कारण लघुवाद न्यायालयात सिद्ध करावे लागते. वाडा विकला जाणे हे त्या कारणांपैकी एक नाही. घेणारा बिल्डर असो की शेजारी, तो जुन्या मालकाच्या जागी येतो, एवढेच. स्वतःला जागेची खरी गरज आहे असे तो म्हणू शकतो, पण ती गरज सिद्ध करावी लागते आणि कोणाला अधिक त्रास होईल याची तुलनाही न्यायालय करते. अशा भाडेकरूंनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. नवा मालक भाडे घ्यायला टाळाटाळ करू लागला, तर ते मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवून पुरावा ठेवावा, कारण थकबाकीचे कारण उभे करण्याची ती नेहमीची युक्ती आहे. थकबाकीची लेखी नोटीस आलीच, तर ती भरायला नव्वद दिवसांची मुदत असते. ती उलटू देऊ नये. पाणी किंवा वीज तोडली गेली, तर कलम २९ खाली न्यायालयाकडे जाता येते. आणि बिल्डरच्या माणसाने आणलेल्या कोऱ्या किंवा अर्धवट संमतीपत्रावर, ‘फक्त महापालिकेसाठी आहे’ असे सांगितले तरी, सही करू नये. नव्या इमारतीत किती चौरस फूट, कोणत्या मजल्यावर, किती काळात आणि तोवरचे पर्यायी भाडे किती, हे नोंदणीकृत करारात येईपर्यंत ताबा सोडू नये.

ज्यांचा करार नोंदवलेलाच नाही, पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी केलेला अकरा महिन्यांचा कागद आहे, त्यांच्यासाठी एक वाक्य. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम ५५ प्रमाणे १९९९ च्या अधिनियमानंतरचा प्रत्येक भाडे किंवा लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि तो तसा नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. घर विकायला निघालेल्या मालकाला हे कलम ऐकवले की त्याचा सूर सहसा बदलतो.

दाराला बँकेची नोटीस चिकटलेली आढळली, तर ती साधी विक्री नसून कर्जवसुली आहे असे समजावे आणि त्याच दिवशी वकिलाला भेटावे. तेथे लायसन्सवर राहणाऱ्याला फारसे संरक्षण मिळत नाही आणि मुदती फार आखूड असतात.

आता आपण काय करावे. माझे स्पष्ट मत असे की चौदा महिने हट्टाने राहण्याच्या भानगडीत पडू नये. विकायला निघालेल्या मालकाशी वर्षभर झगडत एकाच घरात राहणे कुटुंबाला मानवत नाही, आणि कलम ५९ मुळे खरेदीखतानंतर तो हट्ट टिकेलच असेही नाही. पण महिन्याभरातही सोडू नये. मालकांना खरेदीदाराला रिकामा ताबा द्यायचा आहे. त्याशिवाय पूर्ण किंमत त्यांच्या हाती पडणार नाही. ताबा रिकामा करून देणे ही त्यांची गरज आहे आणि ती वेळेवर पुरी करणे आपल्या हाती आहे. मुलांची वार्षिक परीक्षा आटोपेपर्यंतची किंवा तीन महिन्यांनंतरची एक निश्चित तारीख आपणच सुचवावी. बदल्यात नव्या घराची दलाली, सामान हलवण्याचा खर्च आणि शेवटच्या एका महिन्याचे भाडे माफ, असे मागावे. यातले बहुतेक मिळते, कारण खरेदीदार अडकून पडण्यापेक्षा हा खर्च मालकांना स्वस्त असतो.

ई-मेलचा मजकूर साधा असावा: ‘आपला दिनांक अमुकचा नोंदणीकृत करार दिनांक अमुकपर्यंत आहे. त्यातील रद्द करण्याच्या कलमाप्रमाणे विक्री हे करार मुदतीआधी संपवण्याचे कारण नाही. तरीही आपल्या अडचणीचा विचार करून आम्ही दिनांक अमुकला जागा सोडण्यास तयार आहोत, या अटीवर की रुपये १,५०,००० इतके डिपॉझिट त्याच दिवशी, किल्ली देण्यापूर्वी, आमच्या खात्यात जमा व्हावे आणि पुढील खर्च आपण द्यावा.’ फोनवर कितीही गोड बोलणे झाले तरी हे ई-मेल गेलेच पाहिजे, आणि मालकांचे उत्तर लेखी आले की दोघांनी मिळून मुदतीआधी करार संपवण्याचा एक छोटा लेख करून घ्यावा.

ताबा देण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, वीज मीटरचे रीडिंग, गॅसजोडणीची नोंद, सोसायटीची थकबाकी नसल्याचे पत्र आणि किल्ल्या मिळाल्याची मालकांची सही एवढे घ्यावे. रंगकामाची कपात किती याचा वाद त्या दिवशी हमखास निघतो. सर्वसाधारण वापराने आलेली झीज वजा करून उरलेल्या खऱ्या नुकसानीपुरतीच कपात मान्य करावी, आणि तीही रंगाऱ्याच्या लेखी अंदाजपत्रकावर.